गाडीबद्दल मालकाचं मत

गाडी आजीसाठी घेतली, असं वडील सगळ्यांना सांगायचे. आजी म्हणजे आईची आई. मामा सुरगाण्याला शाळेत शिक्षक होते आणि आजी त्यांच्याजवळ असायची. तिनं अंथरूण धरलं होतं. रस्ता घाटाचा, पावसाळ्यात पार उखडलेला. तिथं चारही चाकांना जोर असलेली छोटी जीपच हवी, हे वडिलांनी घरात पटवून दिलं. आईला पटवायची गरज नव्हती. मामांचा फोन आला की निघायचं, एवढंच तिनं मनात धरलं होतं आणि पिशवी भरून ठेवली होती.

ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या शिवेवर आमचा गुलाबाचा मळा होता. वडिलांचा एक मित्र पेपरात गाड्यांवर लिहायचा. जीप आली तसा तो दर रविवारी हजर. चहा पितापिता दोघं पिकअप आणि क्लचवर बोलत बसायचे. दार लावल्याचा आवाज कसा भारी येतो म्हणून ते उघडायचे आणि पुन्हा लावायचे. नव्या सुनेचंही कुणी इतकं कौतुक करत नाही. मला त्या दोघांचा तेव्हाच उबग आला होता.

आषाढातल्या एका रविवारी ते जीप घेऊन घोटीकडे गेले. मित्राला तिच्यावर लिहायचं होतं, त्याआधी तिची खरी परीक्षा घ्यायची होती. ते गेले आणि मामांचा फोन आला. आजीचं काही खरं नव्हतं, लगेच निघा म्हणाले.

आईनं लुगडं बदललं आणि पिशवी घेऊन ओट्यावर बसली. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. "नको गं," ती म्हणाली, "येतीलच ते. गाडी त्यासाठीच तर घेतली हाय." दुपारी ती जेवली नाही. रस्त्यावर कुठलंही इंजिन वाजलं की उठून उभी राहायची. संध्याकाळची एसटीही निघून गेली.

दिवेलागणीला दोघं एका टेम्पोतून उतरले, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले आणि हसत. लावणीसाठी चिखलणी करून ठेवलेल्या कुणाच्या तरी भातखाचरात त्यांनी जीप घातली होती! ती पोटापर्यंत रुतली. खाचराच्या मालकानंच बैल जुंपून ती बाहेर ओढली, आणि आता ती घोटीच्या गॅरेजात पडून होती. आमच्या गुलाबाच्या वाफ्यात कुणी पाय ठेवला तर हेच वडील मळा डोक्यावर घ्यायचे. दुसऱ्याचं तयार शेत त्यांनी तुडवलं आणि वर त्याचे किस्से सांगत होते. मला किळस आली. माझ्या बापाची किळस आली, हे लिहायला आजही मला जड जात नाही.

आईनं फोनचं सांगितलं तेव्हा ते हसायचे थांबले. "सकाळी बघू," म्हणाले.

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी आणि आई निघालो. पोचलो तेव्हा मंडळी नदीवरून परतत होती. मामी म्हणाल्या, "सारख्या दाराकडं बघत होत्या. गाडी आली का, विचारत होत्या." आई तिथंच अंगणातल्या ओल्या मातीत बसली आणि मोठ्यानं रडली.

पुढं मित्राचा लेख छापून आला. चिखलात जीप जरा अडखळली पण मजा आली, असं त्यानं लिहिलं होतं. खाली चौकटीत मालकाचं मत आणि बॉनेटवर हात ठेवलेले वडील. म्हणे, घरच्या अडीअडचणीला हाक मारावी आणि हिनं धावून यावं! ते वाचून मला शिसारी आली. जीपचा त्यात काय दोष? लोखंड जिकडं न्याल तिकडं जातं. पण माणसाला काही लाज?

लेख वाचून वडिलांचे एक चुलतभाऊ आले. त्यांनाही तसलीच जीप घ्यायची होती. वडिलांनी सगळे गुण पुन्हा गाऊन दाखवले. मित्रही होताच, तो माना डोलावत होता. आई चहा घेऊन आली तसे काका म्हणाले, "मालकाचं झालं. वहिनी, तुम्ही सांगा, कशी हाय गाडी?"

आईनं कप त्यांच्या हातात दिला.

"मला नाय ठाऊक, भावजी. मी अजून बसलेच नाय तिच्यात."