पुलीवरची लाल खूण

एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत मी बारामती-इंदापूर रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवत असे. गाडी जुनी होती. तिचं इंजिन फुटलं तेव्हा आमच्या मिस्त्रींनी पुण्याच्या मोडीच्या बाजारातून त्याच बनावटीचं दुसरं शोधून काढलं. मालक नाखूश होते.

"मोडीतलं मोडीतच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

"इंजन चांगलं हाय, आबा. न्हाय चाललं तर मला ठेवू नका," असं मिस्त्री बोलून बसले. कुणी दिलेला शब्द मालक विसरत नसत, आणि बारामतीत मोटारी इतक्या मोजक्या होत्या की मिस्त्रींना दुसरं काम मिळणं कठीण होतं.

इंजिन शेडमध्ये पोत्यांवर ठेवलं आणि मालकांच्या काकूंनी त्याची पूजा केली. लोखंडावर कोरडं कुंकू टिकेना, म्हणून त्यांनी ते तेलात कालवलं आणि जिथं हात पोचला तिथं बोटं ओढली. नारळ फुटला, खोबरं वाटलं, मग इंजिन गाडीत उतरवलं.

पहिल्याच सकाळी गाडी चालू करताना हँडल उलटं फिरलं आणि माझ्या मनगटाला झटका बसला. इंजिन चालू झालं, पण जोर नव्हता. कालव्याच्या पुलाच्या चढावर आतून ठकठक सुरू झाली, रेडिएटर उकळला आणि उतारूंना खाली उतरावं लागलं. कळस गावचे एक तात्या मागून ढकलत म्हणाले, "डायवर, आमी ढकलतोय तवर तुमी जरा डुलकी काढा."

"तात्या, इंदापूरचा बाजार उठंल," शेजारचा म्हणाला.

"उठू दे. परतीला ढकलायला आपुन हावच की."

गाडी कशीबशी परत आणली. मालकांनी ऐकून घेतलं आणि मिस्त्रींना एवढंच म्हणाले, "उद्या काढा ते. फुडचं तुमास्नी ठावं हाय."

मिस्त्री हत्यारं पेटीत भरू लागले. मी त्यांना थांबवलं. काढायचंच आहे तर आधी क्रमानं बघून घेऊ, म्हटलं. पेट्रोल नीट येत होतं. प्लग स्वच्छ होते. तारा जिथल्या तिथं होत्या. राहिली ठिणगीची वेळ. ठिणगी उशिरात उशिरा पडावी म्हणून स्टिअरिंगवरची तिची दांडी पूर्ण मागं ओढून गाडी चालवली, तरी ठकठक जाईना. म्हणजे ठिणगी फार लवकर पडत होती आणि चूक मूळच्या जुळणीतच होती.

"खुणंवरच जुळवलंय," मिस्त्री म्हणाले. "इंजनाच्या फुडच्या पुलीवर खाच हाय, पिस्टन माथ्यावर आला की ती समोर येती. इंजन घेतलं तवाच तिच्यात मीच शेंदूर भरला हुता."

पहिला प्लग काढला. मी भोकावर अंगठा ठेवला आणि मिस्त्री हळूहळू हँडल फिरवू लागले. आतली हवा अंगठ्याला ढकलू लागली तेव्हा भोकातून एक लांब काडी पिस्टनवर टेकवली. पुलीवरची लाल खूण समोर येताच मिस्त्री थांबले.

"अजून फिरवा," मी म्हणालो. काडी आणखी वर आली. पिस्टन माथ्यावर पोचलाच नव्हता.

मिस्त्रींनी वाकून खूण नखानं खरवडली. खाली खाच नव्हती. ती सापडली दोन बोटं पलीकडं, मळानं काळ्या झालेल्या शेंदराखाली.

"पूजेचं कुंकू पुसायचं कसं, म्हून म्या पुली पुसलीच न्हाय," ते हळूच म्हणाले. मीही पुसली नसती.

ठिणगी पाडणारा मॅग्नेटो सैल करून खऱ्या खाचेवर जुळवला. इंजिन लगेच लागलं आणि एका चालीत चालू राहिलं.

"आता आबांना सांगा, कुंकवानं घोळ केला," मी म्हणालो.

"नगं. काकूंच्या कानावर गेलं तर त्या जन्मभर मनाला लावून घेतील."

"आणि तुमचं काम?"

"ते बघू."

मालक आले तेव्हा मिस्त्री उभे राहिले. "आबा, इंजन चांगलं हाय. खूण धरण्यात माझी चूक झाली." कुंकवाचं नाव मीही काढलं नाही.

मालकांनी इंजिन काढायचं एक दिवस थांबवलं. दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले आणि मिस्त्रींना मागच्या उतारूंत बसवलं. पुलाचा चढ गाडीनं न थांबता घेतला. इंदापूरला उतरल्यावर मालक मिस्त्रींकडं वळले.

"लोणी भापकरला आपल्या वळखीच्यांची एक गाडी बंद पडून हाय. म्या तुमचं नाव सांगितलंय. उद्या जाऊन या, अन् सांजच्याला आपल्या शेडात कामावर या."

"व्हय, आबा," मिस्त्री म्हणाले.