अंघोळीच्या खुर्चीची धार

रोझाल्बा फाकिन तापट आहे, हे विंडसरमधल्या साच्यांच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तापट का आहे, हे विचारायच्या भानगडीत मात्र कोणी पडलं नव्हतं.

तिचं काम असं होतं. प्लास्टिकच्या वस्तूचं काँप्युटरवरचं मॉडेल गिऱ्हाइकाकडून कारखान्यात यायचं. वस्तू कोणतीही असो, गाडीचा आरसा, औषधाची पेटी, बाळाचा पाळणा, ती काँप्युटरवर घडवणारा माणूस सगळ्या कडा शेवटी गोल करतो. पाहुणे दारात आले की घाईघाईनं केर काढावा, तसं ते काम असतं. एखादी कड एकटी असते तोवर निभावतं. पण एक मोठी गोलाई, एक मधली आणि एक बारीक अशा तिघी एका कोपऱ्यात येऊन भिडल्या, की काँप्युटरचं गणित तोंडावर आपटतं. पृष्ठभाग चुरगळतो, कुठे नखाच्या कापासारखी चिंधी उरते, तर कुठे भोकच पडतं. अशा जागी साच्याचं पोलाद कापायला गेलं की मशीन भरकटतं.

रोझाल्बा त्या बिघडलेल्या गोलाया उचकटून काढायची. खालची मूळ कड परत आणायची, मग पुन्हा गोल करायला घ्यायची, आधी मोठी, मग लहान. तरीही कोपरा ऐकेना, तर तो सरळ कापून टाकायची आणि त्या भोकावर नवी कातडी ताणून बसवायची. पडद्यावर मॉडेलभर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे उमटवायचे, आणि ते पट्टे कोपऱ्यावरून कुठे न तुटता वाहत गेले तरच काम झालं म्हणायचं.

मालक टेरी द्रुयार या कामाला साफसफाई म्हणायचा. गिऱ्हाईक आलं की त्याचं ठरलेलं वाक्य असे, "डिझाइन तुमचं, पोलाद आमचं, मध्ये थोडी साफसफाई."

"माझ्या हातात झाडू दिसतोय का तुला?" रोझाल्बा गिऱ्हाइकादेखत विचारायची. गिऱ्हाईक हसायचं, टेरीही हसायचा. ती हसायची नाही.

त्या हिवाळ्यात अंघोळीच्या खुर्चीचं काम आलं. म्हाताऱ्या माणसांना बसून अंघोळ करता यावी म्हणून असते तशी, भोकाभोकांची बैठक आणि दोन बाजूंना दोन हात. कारखान्याला साचा करायचा होता त्या हातांचा. माणूस उठताना हाताच्या पुढच्या टोकाला मूठ आवळतो आणि सगळा भार तिथे टाकतो. तिथेच, खालच्या अंगाला, तीन गोलाया एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या.

"दोन दिवस लागतील," रोझाल्बा म्हणाली.

"दोन मिनिटं लागली," टेरी म्हणाला. त्याने नुकताच एक नवा प्रोग्रॅम घेतला होता. एक बटण दाबलं की मॉडेल आपोआप दुरुस्त. "हे बघ. चुका शून्य. हिरवी खूण आली."

रोझाल्बाने कोपरा मोठा करून पाहिला. सगळ्यात बारीक गोलाई जुळेना, म्हणून प्रोग्रॅमने ती चक्क फेकून दिली होती आणि दोन बाजू सरळ एकमेकींना टेकवल्या होत्या. त्या जागी आता सुरीसारखी धार होती.

"टेरी, चूक नाही कारण जिच्यात चूक होती ती गोलाईच याने काढून टाकलीय! रोग्याला मारलं आणि म्हणे ताप उतरला."

"खालच्या बाजूला आहे ते. कोण बघणारे तिथे?"

"ते बघायचं नसतं, धरायचं असतं! म्हाताऱ्या माणसाची कातडी कशी असते माहितीये का तुला? माझ्या बापाला मी रोज अंघोळ घालते. टॉवेल जरा जोरात लागला तरी सोलून निघते."

"तू ना, प्रत्येक कोपऱ्याचं बाळंतपण काढत बसतेस," टेरी म्हणाला. "मॉडेल मशीनवर गेलंय. तू तो गाडीचा डॅशबोर्ड घे."

ती डॅशबोर्डकडे वळली, पण धुमसत राहिली. जेवणाच्या सुट्टीत मिलोराड तिच्यासमोर पिझ्झाचा तुकडा घेऊन बसला. मिलोराड म्हणजे स्पार्क मशीनवरचा जुना कारागीर. कटरला जिथे शिरता येत नाही तिथे इलेक्ट्रोडच्या ठिणगीने पोलाद जाळून काढणं हे त्याचं काम.

"तुझ्या त्या खुर्चीचा कोपरा आलाय माझ्याकडे," तो म्हणाला. "कटरचं टोक गोल, त्यामुळे तिथे आपोआप बारीकशी गोलाई राहिलीय. पण मॉडेलात धार आहे. तेव्हा ती गोलाई जाळून मी कोपरा टोकदार करतोय. दिवस जाणार त्यात."

रोझाल्बाच्या हातातला घास खाली आला. "म्हणजे फुकटात नीट झालेली वस्तू तू दिवसभर राबून बिघडवणार?"

"मी टेरीला विचारलं. तो म्हणाला, मॉडेलप्रमाणे कर."

"अरे, अंघोळीच्या खुर्चीला धार कशाला लागते, एवढं तरी विचारायचंस!"

"विचारणं तुझं काम," मिलोराड चावत चावत म्हणाला. "माझं जाळायचं."

ती तडक टेरीच्या खोलीत गेली. तिचा आवाज बाहेर मशीनच्या घरघरीवरून ऐकू येत होता. टेरीचा आला नाही. तो फोनवर होता आणि त्याने एका हाताने दार लोटून घेतलं.

साचा गिऱ्हाइकाकडे गेला. बर्फ वितळला, नदीवरून पुन्हा मोठी जहाजं जायला लागली, आणि एके सकाळी खुर्चीच्या कंपनीची कॉलीन प्रेंटिस दोन खुर्च्या गाडीत घालून आली. बैठकीला टेरी, मिलोराड आणि रोझाल्बा यांना बोलावलं होतं.

"वृद्धाश्रमांतून तक्रारी आहेत," कॉलीन म्हणाली. "उठताना हात घसरला की मनगटापासून कोपरापर्यंत कातडी फाटते. बेल रिव्हर गावच्या आश्रमातून तर तिसऱ्यांदा फोन आला."

टेरीने खुर्चीच्या हाताखाली बोट फिरवलं. चेहऱ्यावरची रेघही न हलवता तो म्हणाला, "हा कोपरा साफसफाईत राहिला. रोझाल्बाकडे होतं ते. कामाचा ताण होता बिचारीवर, होतं असं."

रोझाल्बाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने मिलोराडकडे पाहिलं. मिलोराड स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"बिचारी?" ती उठलीच. "मी दोन दिवस मागितले, तू दोन मिनिटांत उरकलंस. मी धार दाखवली, तू म्हणालास कोण बघणारे. मी ओरडले, तू दार लावलंस. आणि आता साफसफाईत राहिलं? मिलो, बोल ना! जाळलास ना तू तो कोपरा?"

"मी मॉडेलप्रमाणे केलं," मिलोराड पुटपुटला.

कॉलीनने तळहात वर केला. "हे बघा, कोणाची चूक हे तुमचं तुम्ही बघा. साचा दुरुस्त करायचा म्हणजे उत्पादन थांबवायचं. आम्ही असं ठरवलंय की खुर्चीच्या हाताला खालून फोमची पट्टी चिकटवायची."

"फोम? अंघोळीच्या पाण्यात?" रोझाल्बा म्हणाली. "महिन्याभरात कुजेल, सोलून निघेल, आणि खाली धार आहे तिथेच!"

"सध्या एवढंच," कॉलीन म्हणाली आणि खुर्च्या उचलायला लागली.

आपल्यावर आळ आला याचा राग होताच. पण गाडी चालवत घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या बैठकीत ज्यांची कातडी फाटली त्यांच्याबद्दल एक शब्द निघाला नव्हता. नाव नाही, वय नाही. नुसता फोन आला होता, तिसऱ्यांदा.

शनिवारी बापाला जेवायला घालून ती बेल रिव्हरला गेली. आश्रमाच्या दारातल्या बाईला तिने खरं ते सांगितलं: "तुमच्याकडच्या अंघोळीच्या खुर्च्यांवर मी काम केलंय. त्या कोणाला लागल्या ते मला बघायचंय." बाई क्षणभर घोटाळली. मग शनेल नावाच्या तिथल्या मदतनीस मुलीला हाक मारली, आणि शनेल तिला तळ्याच्या बाजूच्या एका खोलीत घेऊन गेली.

खिडकीशी अगाथ बेनेतो बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"मॅडम बेनेतो, दुखतंय का फार?" रोझाल्बाने विचारलं.

"दुखायचं राहू दे," अगाथ म्हणाली. "कोण तू? आणखी एक समजवायला आलीस? मी नीट बसते, नीट उठते. ऐकून ऐकून कान किटले. माझा मुलगा म्हणतो, आई, तू आता धांदरट झालीस. मी! जन्मभर शाळेची बस चालवली मी, बर्फातनं, चिखलातनं, एका पोराला कधी खरचटलं नाही. आणि आता मला अंघोळीला दोन माणसं लावलीत. एक धरायला, एक बघायला."

"हे कशामुळे?"

"तीनदा लागलं म्हणून. एकटीनं अंघोळ करायची नाही असा हुकूम आहे. पोरी, या वयात माणसाकडं उरतं काय? तेवढं दार लावून दहा मिनिटं पाण्यात बसायचं सुख होतं."

रोझाल्बा न्हाणीघरात गेली. फोमची पट्टी आली होती, तिचं एक टोक आत्ताच लोंबत होतं. तिने बोट आत सारलं. पडद्यावर पाहिलेली धार आता बोटाला लागत होती, हुबेहूब तीच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तिला आणखी संताप आला.

बाहेर येऊन ती अगाथच्या समोर गुडघ्यावर बसली. "मॅडम, तुम्ही धांदरट नाही. खुर्चीला धार आहे. ती गोल करायची होती, केली नाही. आम्हाला माहीत होतं."

अगाथ पुढे वाकली. "माहीत होतं?"

"हो. मी आरडाओरडा केला. पुरला नाही."

"मग मला खुळी का ठरवलं?" अगाथचा आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा चढला. "शनेल! इकडं ये! या आश्रमात किती जणांचे हात फाटलेत, सांग बघू मला!"

पुढचं अगाथनेच केलं. आश्रमातल्या रहिवाशांच्या मंडळाची बैठक भरत असे. एरवी तिथे सूप पातळ असतं आणि टीव्हीचा आवाज मोठा असतो, एवढंच बोलणं व्हायचं. या खेपेला अगाथने उभं राहून बाही वर केली आणि म्हणाली, "ज्यांना ज्यांना खुर्ची लागलीय त्यांनी दाखवा." एकेक बाही वर गेली. एक माजी नाविक, एक शिवणकाम करणारी, एक पाद्री. सगळ्यांना वेगवेगळं गाठून तेच सांगितलं गेलं होतं, की तुमची कातडी नाजूक आहे, तुम्ही जपून वागा. व्यवस्थापकीण बाईने नावं लिहून घेतली. त्याच आठवड्यात आश्रमाने सगळ्या खुर्च्या कंपनीला परत पाठवल्या, मग शेजारच्या गावच्या आश्रमानेही पाठवल्या. आता मात्र उत्पादन आपोआप थांबलं.

कॉलीनचा फोन आला आणि टेरी रोझाल्बाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "तो कोपरा नीट करायचाय. तू आश्रमात गेली होतीस म्हणे. मला न विचारता."

"तुला विचारलं असतं तर दार लावलं असतंस."

"तुला काढून टाकायला पाहिजे खरं म्हणजे."

"काढ की. मग तुझं ते बटण दाब आणि बघ हिरवी खूण येते का."

टेरीने तिला काढलं नाही. माफीही मागितली नाही. साच्यातल्या त्या कोपऱ्यात वितळलेलं पोलाद भरलं गेलं, आणि रोझाल्बाने मॉडेलातली गोलाई पहिल्यापासून पुन्हा बांधली. तिन्ही जुन्या गोलाया काढल्या, कोपरा कापला, त्यावर नवी कातडी ताणली. काळे-पांढरे पट्टे कोपऱ्यावरून न अडखळता गेले, तेव्हा मिलोराड मागे येऊन उभा होता.

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "मला घर चालवायचंय, रोझा."

"आणि मी काय धर्मशाळा चालवते?" ती वळलीही नाही. "जा. इलेक्ट्रोड गोल टोकाचा कर."

त्याने केला. खुर्चीचे नवे हात आले तेव्हा ते उन्हात धरून दोघांनी बोटं फिरवली. त्यांचं बोलणं पूर्ववत व्हायला उन्हाळा सरावा लागला.

अगाथच्या हाताची जखम भरली, वर कागदासारखा चकचकीत व्रण राहिला. अंघोळीला आता ती एकटी जाते. मुलगा आला की तो हवापाण्याचं बोलतो. तू धांदरट नव्हतीस, असं अजून त्याच्या तोंडून निघालेलं नाही, आश्रमाच्याही नाही. अगाथ दर रविवारी रोझाल्बाला फोन करून त्याबद्दल मुलाला आणि आश्रमाला शिव्या घालते.

आणि टेरी? कारखान्यातल्या कोणत्याही मॉडेलची प्रत्येक गोलाई माणसाच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय मशीनवर चढणार नाही, ही रोझाल्बाची अट त्याने नाक मुरडत मान्य केली. परवा एक नवं गिऱ्हाईक आलं, तर त्याच्यापुढे छाती फुगवून म्हणाला, "आमच्याकडे पहिल्यापासून अशीच पद्धत आहे."

रोझाल्बाने पलीकडून मान वर केली. "पहिल्यापासून?" तिने विचारलं. गिऱ्हाईक हसलं. टेरी या वेळी हसला नाही.