आई एका मतानं पडली

मांजरी गावातल्या आमच्या वॉर्डातली ग्रामपंचायतीची जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा वडिलांनी जेवता जेवता आईला सांगितलं, "तुझा फॉर्म भरलाय." आईनं भाकरी थापणं थांबवलंसुद्धा नाही. मी हडपसरच्या आयटी कंपनीत नुकतीच लागले होते. पत्रक मीच कॉम्प्युटरवर केलं. वडिलांचा फोटो मोठा, आईचा पासपोर्टएवढा. ही अक्कल माझीच.

वडिलांना रस्ता हवा होता. पंचायत हातात आली की तो आमच्या उसाच्या मळ्यापर्यंत आणायचा आणि मळा बिल्डरला द्यायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आईला मळा विकायचा नव्हता. तिला कुणी विचारलंच नाही, मीही नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी वडिलांनी सगळी भावकी देवळात नेली आणि बेलाची पानं नि भंडारा हातात देऊन एकेकाला शपथ घातली. धाकट्या काकूंना तर दोनदा, कारण समोरची उमेदवार त्यांच्या माहेरची. उमेदवारालाच शपथ कोण घालणार? आई मागे प्रसाद वाटत होती.

आई एका मतानं पडली. फेरमोजणीतही आकडा हलला नाही. "फितूर घरातच हाय," वडील म्हणाले आणि त्यांनी काकूंकडे बघितलं. त्या दिवसापासून दोन घरांतलं येणं-जाणं बंद झालं.

निवडून आलेल्यांनी तोच रस्ता केला. उडदामाजी काळे-गोरे काय निवडायचे! मळा गेला. बिल्डरनं दोन्ही भावांना एकाच इमारतीत फ्लॅट दिले. लिफ्टमध्ये वडील दिसले की गुडघे धरून काकू जिन्यानं चौथा मजला चढायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकू वारल्या. वडील मयताला गेले नाहीत. आई जाऊन आली, अंघोळ केली आणि मला म्हणाली, "ते मत माझं व्हतं. मी दुसरं बटण दाबलं."

मी भयंकर चिडले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मळा तर ग्येलाच. आता घरबी घालवायचं व्हतं का?"

परवा पाहुण्यांसमोर वडिलांनी पुन्हा काकूंच्या फितुरीची गोष्ट काढली. आई चहा ओतत होती. मी बिस्किटांची बशी पुढे केली.