आधी आभार

आमच्या मुलींच्या कॉलेजची वेळापत्रकं दोन. एक ऑफिसबाहेरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत. त्यात कॉलेज पाचला सुटायचं. दुसरं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण चालायचं तेच. सोनपेठकडची एसटी साडेतीनच्या सुमारास फाटकाशी येऊन हॉर्न द्यायची, फळ्यावरचं वाक्य अर्धं राहायचं आणि वर्ग रिकामा व्हायचा. खेड्यांकडे जाणारी ती शेवटची गाडी. आमच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की भिंतीवरचं वेळापत्रक खोटं आहे याचाच सगळ्यांना विसर पडला होता.

अशात मूल्यांकन समिती यायची ठरली. गुणवत्ता कक्षाचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी भूगोल शिकवते आणि भूगोलवाल्यांना काही काम नसतं असा आमच्या प्राचार्यांचा पक्का समज आहे. भिंती रंगल्या. झाडांना नावाच्या पाट्या लागल्या. कडुनिंबालाही लागली, जणू परभणी जिल्ह्यात कडुनिंब ओळखायचं कुणी राहिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र एकच गोष्ट होती. चांगली श्रेणी मिळाली, तरच आम्हाला एम.ए. भूगोलाचा वर्ग मागता येणार होता.

त्या वर्गाची सगळ्यांत जास्त वाट बघत होती ती माझी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. तिच्या वडिलांनी तिला सांगून टाकलं होतं: पुढं शिकायचं तर इथंच, परभणीला ठेवणार नाही, आणि दिवेलागणीच्या आत घरात. गाडी चुकली तर कॉलेजही बंद. माणूस कठोर नव्हता. घाबरलेला होता.

समितीपुढं सगळं नियमाप्रमाणे दिसायला हवं, असा प्राचार्यांनी फतवा काढला. त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक पुढ्यात घेऊन कार्यक्रम आखला आणि समितीची विद्यार्थ्यांशी भेट तीन ते पाच ठेवली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलींनाही त्यात वावगं दिसलं नाही. गाडी आली की सुटेलच नेहमीसारखं, असं त्या धरून चालल्या होत्या. आभार मानायचं काम त्या मुलीकडं दिलं. मी चार ओळींचं इंग्रजी लिहून दिलं, ते तिनं घोकून घोकून तोंडपाठ केलं.

समितीचे अध्यक्ष परराज्यातले, पांढऱ्या केसांचे, आवाज भारदस्त. शिक्षणाच्या केंद्रस्थानी विद्यार्थी कसा असला पाहिजे, हे ते इंग्रजीत समजावून सांगू लागले. ते रंगात आले आणि फाटकाशी हॉर्न वाजला. सवयीनं सगळ्या मुली उठल्या. प्राचार्यांनी व्यासपीठावरून असे डोळे वटारले की सगळ्या पुन्हा बसल्या. अध्यक्षांना वाटलं, आपल्या बोलण्याला उभं राहून दाद मिळाली. ते आणखी खुलले.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. ती मुलगी माझ्या कानाशी वाकली.

"मॅडम, ही गाडी चुकली तर आबा उद्यापासून पाठवायचे न्हाईत. मग एम.ए. कशाचं?"

मुली उठून गेल्या तर श्रेणी जाणार, बसून राहिल्या तर हिचं शिक्षण.

तेवढ्यात अध्यक्ष पाणी प्यायला थांबले. ती सरळ व्यासपीठावर गेली, माइक हातात घेतला आणि पाठ केलेलं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं. अध्यक्षांचे त्यांच्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल आभार, प्राचार्यांचे प्रेरणेबद्दल आभार, कार्यक्रम संपला असे जाहीर करते. मग अध्यक्षांना वाकून नमस्कार केला आणि ती फाटकाकडं पळाली. तिच्यामागं सगळ्या मुली. अध्यक्ष हातात पाण्याचा ग्लास धरून उभे. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले होते.

अध्यक्षांनी खिडकीतून बाहेर बघितलं. शेवटची मुलगी चढल्यावर गाडी हलली. हे काय होतं, असं त्यांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी उरलेल्या भाषणाचे कागद घडी करून खिशात ठेवले आणि चहा मागवला.

श्रेणी हवी ती मिळाली. अहवालात उणिवांखाली एक वाक्य होतं: विद्यार्थिनी कार्यक्रम संपण्यापूर्वी निघून जातात. त्यावर काय उपाय केला ते आम्ही कळवायचं होतं. कार्यक्रम लवकर संपवण्यात येतात, असं मी लिहून दिलं. प्राचार्यांनी दोनदा वाचलं, सही केली आणि भिंतीवरचं वेळापत्रक स्वतःच्या हातानं उतरवलं.

एम.ए.च्या वर्गाचं उद्घाटन झालं तेव्हा सूत्रसंचालन प्राचार्यांनीच मागून घेतलं. दीपप्रज्वलन झालं, आणि त्यांनी थेट आभार पुकारले. प्रमुख पाहुणे चपापले. ते अजून एक शब्दही बोलले नव्हते. आता एम.ए.ला आलेली ती मुलगी उठली, माइकपाशी गेली आणि या वेळी मराठीत, सावकाश बोलली. मागच्या रांगेत तिचे आबा मांडीवर टोपी ठेवून बसले होते. माझे डोळे भरून आले. मग पाहुणे बोलायला उभे राहिले, ते हॉर्न वाजेपर्यंत.