टेकडीवर पाणी आलं तेव्हा

माझी मावशी न जन्मलेल्या पोरांच्या आंघोळी मोजायची. हे आईचं म्हणणं. मावशी नगरपालिकेच्या पाणी विभागात इंजिनियर होती. तीस वर्षांनी शहरात किती माणसं असतील, त्यांना माणशी किती पाणी लागेल, त्यातलं टाक्यांमध्ये किती साठवावं लागेल, हे ठरवणं तिचं काम. आई म्हणायची, हिला संध्याकाळच्या भाजीचा पत्ता नसतो, पण तीस वर्षांपुढच्या लोकांची तहान बरोबर ठाऊक असते.

मावशीने लग्न केलं नाही. आजीच्या मागे ती खालच्या गल्लीतल्या घरात एकटीच राहायची. मोठा पाइप तिच्या दारावरून गेलेला, त्यामुळे तिचा नळ धो धो वाहायचा. आम्ही टेकडीवर, त्याच पाइपच्या शेवटच्या टोकाला. आमचा नळ सकाळी चार बादल्या भरेपर्यंत रडायचा आणि मग नुसती हवा सोडत बसायचा. पिण्याचं, स्वयंपाकाचं भागायचं, कपड्यांचं भागत नसे. म्हणून दर रविवारी आई आठवड्याचे कपडे गाठोड्यात बांधून बहिणीकडे उतरायची.

मागच्या अंगणात दोघी समोरासमोर बसत. आई घासायची, मावशी खळबळून काढायची, आणि चादर पिळायला दोघी दोन टोकं धरून उभ्या राहायच्या. बोलणं म्हणाल तर सगळी उणीदुणी. साबण उधळतेस, पिळतेस की कुरवाळतेस, असलंच. पण दोघींचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. मी मावशीच्या बाजूने बोलले की आई म्हणायची, माय मरो पण मावशी जगो, दुसरं काय! चादरी मावशीच्या दोरीवरच वाळायच्या आणि पुढच्या रविवारी घरी यायच्या. बाकीचे ओले कपडे घेऊन आई टेकडी चढायची.

एवढी माया, पण तुझी आठवण आली, ये ना, असं एकीच्या तोंडून कधी निघेल तर शपथ. आजीही तशीच होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यात आईचा एक हट्ट होता. कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, मग ती सख्खी बहीण का असेना.

मी नोकरीला लागले त्या सुमारास शहराची नवी पाणी योजना आली. टाक्या दोन हव्या होत्या, आधी होणार होती एकच. मावशीच्या साहेबांचा कल स्टेशनमागच्या नव्या वसाहतीकडे होता, कारण माणसं तिकडे वाढणार होती. दुसरी जागा आमची टेकडी. शिफारस मावशीने करायची होती, आणि आयुष्यात कधी काम अडवून न ठेवणाऱ्या बाईने हे एक काम अडवून ठेवलं होतं. एका संध्याकाळी मी गेले तर जेवणाच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरलेला आणि तिचं बोट आमच्या गल्लीवर.

"वर टाकी झाली की तुझी आई यायची नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग स्टेशनची होऊ दे आधी, तुला कोण विचारतंय?

"ओलं गाठोडं घेऊन चढताना पाहिलंयस तिला? मी दर रविवारी दारात उभी राहून बघते. वळणापर्यंत दोनदा गुडघा धरून थांबते ती."

तिने टेकडीची शिफारस केली. साहेबांशी वाजलंही म्हणे.

टाकी झाली. पाणी आलं त्या दिवशी आईने घरातले सगळे नळ सोडले आणि शेजारणींना हात धरून आणून दाखवले. महिनाभर तिचा पाय जमिनीवर नव्हता. मावशी एकदा येऊन गेली, तीही नळाचा दाब मोजायला. मीटर लावला, चहा घेतला आणि निघाली. दारात दोघी जरा घुटमळल्या. मग आई म्हणाली, पाणी चांगलं येतं हो. मावशी म्हणाली, यायलाच हवं.

त्यानंतरचे रविवार नुसते यायचे आणि जायचे. आईचे कपडे सकाळीच धुऊन व्हायचे. मग ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहायची. तिथून मावशीचं अंगण दिसतं. दोरीवर मावशीचे दोनच कपडे असायचे, बाकीची दोरी मोकळी. मला दोघींचाही राग यायचा. मी म्हणायचे, जाऊन ये की. आई विचारायची, कशाला? काम काय आहे?

एका रविवारी ती गच्चीवरून खाली आली, कपाट उघडलं आणि धुतलेल्या, घडी घातलेल्या चादरी काढून गाठोड्यात बांधल्या. मला म्हणाली, चल, नळाला पाणी नाही. मी तेव्हा नळाखाली बादली भरत होते. मी मुकाट्याने नळ बंद केला आणि गाठोडं उचललं.

मावशीने दार उघडलं.

"पाणी गेलंय आमच्याकडचं," आई म्हणाली.

मावशी त्याच सकाळी वरच्या टाकीची पातळी बघून आली होती. मला ते ठाऊक होतं, कारण आमच्या दारावरूनच ती गेली होती. टाकी काठोकाठ होती. तिने गाठोडं सोडलं, चादरींवरच्या घड्यांच्या खुणांवरून हात फिरवला आणि आईकडे बघितलं.

"होतं तसं त्या भागात," ती म्हणाली.

"किती दिवस चालेल?"



"सांगता येत नाही," तीस वर्षांपुढचं पाणी मोजणारी माझी मावशी म्हणाली. "तू येत जा."

आईने पदर खोचला आणि स्वच्छ चादरी एकेक करून बादलीत बुडवल्या.