एका फुटाण्याला दहा बदकं

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळचे साडेसात. तलावावर बदकं तीनशे दहा. मोजायला हजर दोघं: आमच्या शेजारचे निवृत्त पाटकरी काका आणि मी, शाळेतला कारकून. आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याला काकांइतकं ओळखणारा माणूस नसेल, आणि पाण्यावरच्या पाखरांना ओळखणारा तर नाहीच नाही.

नोकरीभर कालव्याचं दार उघडायचं आणि मिटायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही हात थांबेना. सुनेनं नळ सोडला की ओसरीवरून विचारत, "किती वेळ सोडलंय?" पंगतीत वाढपी वरण घेऊन आला की वाटीत बोट धरून पातळी दाखवत. पाखरं मोजायची तीही त्याच शिस्तीनं. उजव्या खिशात सास्तूरच्या बाजारातले साठ फुटाणे. दहा बदकं झाली की एक फुटाणा डाव्या खिशात. "वहीत बघाय मान खाली घातली की पाखरू जागा बदलतंय," असं त्यांचं म्हणणं. मग आकडा मी लिहायचा.

त्यांची मागणी एकच होती. हळदी-कुंकू बदक, तलवार बदक ही मंडळी हातभर पाण्यातच चरतात. पाणी सावकाश उतरलं की रोज थोडी नवी कड ओली राहते. एकदम सोडलं की आठवड्यात कड वाळते आणि पाखरं उठून जातात. शेताला पाणी तेवढंच मिळणार, फक्त टप्प्यानं सोडायचं. पण पाखरांचा आकडा एका कचेरीत जायचा आणि पाण्याचा निर्णय तिच्या भिंतीपलीकडच्या दुसरीत व्हायचा. काका म्हणायचे, "दोन टेबलांत चार हातांचं अंतर हाय, पर कागद पाच वरसं झाली चालतोयच."

त्या वर्षी मात्र कागद पोचला. आदल्या वर्षी चारशे, आता तीनशे दहा. घट बघून पाण्याचे साहेब हलले आणि टप्प्यानं सोडायचं ठरलं. काकांनी गल्लीत पेढे वाटले. माझा पेढा तोंडात असतानाच, सवयीनं, मी म्हणालो, "काका, उजव्या खिशातले उरलेले मोजले का?"

काकांनी कोटाचा उजवा खिसा ओट्यावर पालथा केला. एकोणतीस हवे होते, निघाले अठरा. अकरा फुटाणे गायब.

"थंडी लई होती ओ भाऊसाहेब," काका हळूच म्हणाले. "डाव्या खिशात हात घातला व्हता. तोंडात कवा गेलं, कळलंच न्हाय."

डाव्या खिशातले, म्हणजे मोजून झालेले. अकरा दाहे एकशे दहा. बदकं चारशे वीस होती.

"राहू द्या की," काकू आतून म्हणाल्या. "पाखरं काय तक्रार करणार हायत?"

काकांनी टोपी घातली. "खोट्या आकड्यावर पाणी सोडाय मला न्हाय जमणार."

कचेरीत साहेबांनी ऐकून घेतलं. "मग घट नाहीच? बरं झालं. पाणी नेहमीसारखं सोडू."

"साहेब, वाढली तरी कड लागतीच."

"अहो, कागद घटीचा होता."

पाणी एकदम सुटलं. नवव्या दिवशी कडेला भेगा पडल्या, दहाव्या दिवशी तलाव गप्प झाला. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्याचंच मला अजून लागतं. उन्हाळ्यात मुलानं त्यांना पुण्याला नेलं, चौथ्या मजल्यावर.

आता मी एकटाच मोजतो, काकांसारखाच साठ फुटाण्यांवर. यंदा पाण्याची पातळी, कडेची रुंदी आणि पाखरं एकाच कागदावर मांडली आणि एकाच दिवशी दोन्ही कचेऱ्यांत दिली. एका साहेबांनी दुसऱ्या साहेबांना फोन केला, एवढंच झालं. पाणी तीन टप्प्यांत सुटलं. बदकं दोनशे साठच आली, पण टिकली. दोन्ही खिशांतले फुटाणे डाव्या-उजव्या अशा दोन पुड्यांत बांधून पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवले.

रविवारी फोन आला. "डाव्या पुडीत सव्वीस. उजवीत तेहतीस. एक कुठाय?"

"मी खाल्ला, काका. उजव्यातलाच."

फोनमध्ये पुडीचा कागद गुंडाळल्याचा आवाज आला.

"कड वली हाय का अजून?"

"आहे. चांगली दहा पावलं."

"मग त्येच्या बदली एक तिथंच राहू द्या," काका म्हणाले. "तलावावर येऊन खाईन म्हणतो."

साठांपैकी एकोणसाठ पुण्याला पोचले. खाल्लेल्याच्या बदली एक नवा माझ्या स्वेटरच्या उजव्या खिशात, काकांच्या नावानं, ठेवला आहे.