सावकाश येतोय

आजवर कुणालाच सांगितलं नाही, ते आता सांगतो. आमच्या थोरल्या साडूंसारखा खोटं ओळखणारा माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरा नाही, आणि त्यांनी ओळखलेल्या खोट्यांतलं एक माझं आहे.

साडू मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त करून रिटायर झाले आणि वडूजला गॅरेज काढून बसले. अपघातात एअरबॅग फुटली की गाडीतला एक छोटा डबा त्या क्षणाची नोंद धरून ठेवतो: वेग किती, ब्रेक दाबला का, पट्टा लावला होता का. ती पुसल्याशिवाय समोरचा लाल दिवा विझत नाही. पुसायचं सॉफ्टवेअर साडूंच्या लॅपटॉपमध्ये आहे. काही जण फुटक्या बॅगा तशाच ठेवून नुसता दिवा घालवून मागतात; अशा गिऱ्हाइकाला साडू चहा पाजून परत पाठवतात. नवी बॅग बसवली, तरी मालकानं आधी सीटवर बसायचं, पट्टा लावायचा आणि काय घडलं ते सांगायचं, असा त्यांचा शिरस्ता. मग ते स्क्रीनकडे बघतात. बहुतेकांना कुत्रं आडवं आलेलं असतं. "एवढी कुत्री तालुक्यात असती, तर चोऱ्या झाल्या नसत्या," म्हणतात, आणि खरं ऐकू येईपर्यंत एंटर दाबत नाहीत. पट्ट्याचं वेड तर असं, की पुतण्याच्या वरातीत, बैलगाडीच्या चालीनं निघालेल्या गाडीत, त्यांनी नवरदेवाला हारासकट पट्ट्यात आवळलं. तोवर बँडवाले ताटकळले.

शिराळ्याहून वडूजला जाताना माझी गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. सुमनचं, माझ्या बायकोचं, मनगट मोडलं. मी सगळ्यांना सांगितलं, हिनं शेंगा सोलून तोंडापुढं धरल्या, त्यात नजर हलली. शेंगा होत्या, हे खरं. ती सोलण्यात गुंतली होती, म्हणून माझी मान कुठं वळली होती ते तिनं पाहिलं नाही.

गॅरेजात पट्टा लावून मी तेच सांगितलं. प्लास्टरमधला हात सावरत सुमन म्हणाली, "दाजी, माझंच चुकलं." साडूंनी स्क्रीन वाचली, तिला घरात बहिणीकडे पिटाळलं आणि खिशातला फोन माझ्यापुढं धरला. त्यावर माझा मेसेज होता.

"डबा म्हणतोय नव्वदच्या पुढं, ब्रेकवर पाय न्हाई. आन तुमी मला लिवताय, सावकाश येतोय. त्याच्या पाठोपाठच तिचा रडत फोन आला, पाव्हणं."

पट्ट्यात अडकल्यामुळं उठून जाताही येईना. मी "व्हय" म्हटलं. त्यांनी एंटर दाबला, दिवा विझला.

"डब्यातलं पुसलं. तिच्या मनातलं माझ्या मशीनला पुसता येत न्हाई. ते तुमचं काम."

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. फक्त आम्ही वडूजहून निघालो की खिडकीशी वाकतात, माझा पट्टा ओढून बघतात आणि सुमनच्या मांडीवर न सोललेल्या शेंगांची पिशवी ठेवतात. ती हसून पिशवी मागच्या सीटवर टाकते आणि शिराळ्यापर्यंत हात मांडीवर घेऊन बसते. यंदा साडूंची बोटं वयानं वळत नव्हती. पिशवीची गाठ तिलाच मारावी लागली. माझ्याकडे मात्र त्यांनी नेहमीसारखंच पाहिलं.

चूक तिची नव्हती, माझी होती. एवढं एक वाक्य मी सुमनला अजून देणं लागतो.